स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात वाढणारा दाब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदे सरकारच्या काळापासून मराठी कुटुंबे वास्तव्य करून आहेत. त्याच शहरात १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या मातोश्रींचे नाव त्यास देण्यात आले आहे. महाविद्यालयास जोडलेल्या जयारोग्य रुग्णालयात भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी या भागांतून रुग्ण येत असतात. स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास काही कुटुंबे दिल्ली गाठतात, काही भोपाळला जातात, तर महाराष्ट्रात नातलग असलेली मुंबईचा रस्ता धरतात. शहर कोणतेही असो, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आप्तांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "पोट फुगले आहे, वायू धरला असावा." पुष्कळ वेळा ते खरेही असते. परंतु काही रुग्णांत हे फुगणे निराळ्या कारणाने होते. उदराच्या बंद पोकळीतील दाब वाढतो आणि तो वेळीच ओळखला गेला नाही तर मूत्रपिंडे, फुप्फुसे व हृदय ही तिन्ही एकापाठोपाठ एक निकामी होऊ लागतात. या विकाराची माहिती सामान्य वाचकांस व्हावी, म्हणून हा लेख.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून असलेले सुमारे वीतभर लांबीचे इंद्रिय आहे. रक्तातील साखरेवर नियंत्रण ठेवणारे इन्शुलिन ते तयार करते, हे आता बहुतेकांस ठाऊक असते. त्याचे दुसरे कार्य म्हणजे अन्न पचविणारा तीव्र पाचकरस निर्माण करणे. नेमका हा रसच शस्त्रक्रियेनंतर त्रासाचे मूळ ठरू शकतो. स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात कर्करोग झाला असता तो भाग, आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही अंश काढून उरलेले भाग पुन्हा आतड्यास जोडावे लागतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली या शस्त्रक्रियेस चालना दिली व त्यांच्याच नावाने ती आजही ओळखली जाते. यातील स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक. तेथून पाचकरस झिरपला तर तो शरीरातीलच ऊतींना पचवू लागतो, आसपास द्रव साचतो, क्वचित एखादी रक्तवाहिनी कुरतडली जाऊन आत रक्तस्राव होतो. स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊन त्याचा काही भाग सडला आणि तो काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, तर अशा रुग्णात दाब वाढण्याचा धोका विशेष असतो. कारण त्याचे पोट शस्त्रक्रियेपूर्वीच सुजलेले असते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही दिवस मंदावते व त्यांत वायू आणि द्रव साठतो. शिवाय रक्तदाब टिकविण्यासाठी शिरेवाटे पुष्कळ सलाईन दिलेले असते. त्यातील बराचसा अंश रक्तवाहिन्यांबाहेर पाझरून आतड्यांना व पोटाच्या भिंतीला सूज आणतो. पोटाची भिंत काही प्रमाणात ताणली जाते, परंतु मर्यादेपलीकडे नाही. ती मर्यादा आली की आत थोडीशी भर पडली तरी दाब झपाट्याने चढतो. काठोकाठ भरलेल्या पोत्यात आणखी पायली कोंबून पाहावी, तसाच हा प्रकार.

आता परिणाम पाहू. मूत्रपिंडातून रक्त परत नेणाऱ्या शिरा पातळ भिंतीच्या असल्याने बाहेरच्या दाबाने त्या लवकर दबतात व लघवी कमी होऊ लागते. ग्वाल्हेरच्या कडक उन्हाळ्यात, किंवा आपल्याकडे विदर्भात, लघवी कमी होण्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत उन्हाळ्यावर बोट ठेवून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. साधारणतः ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ताशी २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे, एवढी तरी लघवी व्हावयास हवी. दरम्यान श्वासपटल वर रेटले गेल्याने धाप लागते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन ती अधिकच सुजतात आणि दाब आणखी वाढतो. लघवी कमी झाली म्हणून केवळ सलाईनचा वेग वाढविला, तर या दुष्टचक्रास उलट बळच मिळते. सर्वांत जपण्याची जागा हीच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण येथे हेतू चांगला असूनही अपाय होतो.

हा दाब हाताने पोट चाचपून कळत नाही. अनुभवी शल्यविशारदांचेही अंदाज चुकतात. तो मोजावाच लागतो. सुदैवाने मोजण्याची रीत इतकी साधी आहे की तिचे मर्म शालेय पुस्तकातील पास्कलच्या नियमात सापडते. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. मूत्राशय पोटाच्या पोकळीलगतच असल्याने पोटातील दाब त्यातील द्रवासही जाणवतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात नळी घातलेली असतेच. रुग्णास उताणे, सपाट निजवून त्या नळीवाटे फार तर २५ मिलिलिटर निर्जंतुक सलाईन आत सोडतात व नळी उभी धरून द्रवाचा स्तंभ किती उंच चढतो ते श्वास सोडून संपताच पाहतात. काखेच्या मध्यातून सरळ खाली येणारी रेषा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेस जेथे मिळते, तेथे शून्य धरावयाचे. पारा पाण्याहून १३.६ पट जड असल्याने १२ मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर पाणी, आणि २० मिलिमीटर म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर. शाळेतील ३० सेंटिमीटरची पट्टी या कामी पुरते. अतिदक्षता विभागातील रुग्णात हा दाब सामान्यतः ५ ते ७ मिलिमीटर असतो. तो वारंवार १२ वा अधिक भरला तर वाढलेला समजतात. तो सतत २० च्या वर राहून एखादे इंद्रिय नव्याने निकामी होऊ लागले, तर त्या अवस्थेस उदराचा कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दाब वाढलेला आढळल्यास दर चार ते सहा तासांनी पुन्हा मोजावा, असा आज मान्य झालेला संकेत आहे. अर्थात हे काम डॉक्टर वा परिचारिकेने, जंतुसंसर्ग न होईल अशा दक्षतेने करावयाचे आहे. आप्तांनी नळीस हात लावू नये.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या क्रॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ही रीत वापरून जे पाहिले ते आजही विचार करावयास लावते. शस्त्रक्रियेनंतर पोटातील दाब २५ मिलिमीटरच्या वर गेलेले व लघवी थांबत आलेले अकरा रुग्ण त्यांच्या पाहणीत होते. त्यांपैकी सात जणांचे पोट पुन्हा उघडून दाब मोकळा करण्यात आला. त्यांना लागलीच लघवी होऊ लागली. उरलेल्या चौघांचे पोट उघडले गेले नाही. त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ते दगावले.

पोट उघडणे हा अर्थातच शेवटचा उपाय होय. प्रथम नाकातून जठरात नळी घालून वायू व द्रव काढतात, गुदमार्गे नळी ठेवतात, वेदना व अस्वस्थता शमवून पोटाचे स्नायू सैल पडू देतात, सलाईन हात राखून देतात. साचलेला द्रव सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई वा नळीने बाहेर काढता आला तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते. ज्याचे पोट उघडावे लागते त्याची आतडी सूज असेतो आत मावत नाहीत आणि ओढून टाके घालणे म्हणजे पुन्हा तोच दाब निर्माण करणे. यावर कोलंबिया देशातील बोगोटा शहरी ओस्वाल्दो बोरराएझ या शल्यविशारदाने त्याच १९८४ साली एक स्वस्त युक्ती काढली. शिरेवाटे देण्याच्या द्रावाची निर्जंतुक प्लास्टिक पिशवी कापून ती त्याने जखमेच्या कडांना शिवली. 'बोगोटा पिशवी' या नावाने ती जगभर पोहोचली. आज याहून सुधारलेली साधने उपलब्ध आहेत, तथापि साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणी ही पिशवी आजही उपयोगी पडते.

रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी काय करावे? बाळंतिणीचे पोट बांधण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे व त्याच समजुतीने काही जण शस्त्रक्रिया झालेल्या पोटावर पट्टा आवळतात. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तसे करू नये. घट्ट पट्ट्याने आतील दाब वाढतो. बेंबीभोवती हिंगाचा लेप, ओव्याचे पाणी, पोट चोळणे हे घरगुती उपाय साध्या वाताला ठीक, या रुग्णास नव्हेत. लघवीच्या पिशवीवरील आकडा व वेळ वहीत लिहून ठेवावी. पोट पूर्वीपेक्षा ताणलेले व टणक वाटणे, लघवी घटणे आणि धाप लागणे या गोष्टी एकत्र दिसल्यास सकाळच्या फेरीची वाट न पाहता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, परिचारिकेस उठून सांगावे आणि पोटातील दाब मोजला आहे काय, असे विचारावे. असे विचारण्यात कोणाचा अवमान होत नाही.