पदरावर आगगाडी, अंगावर ट्रॅक्टर!

कापडावरची नक्षी म्हटली की कोयऱ्या, मोर आणि वेलबुट्ट्याच आठवतात. पण घरात, रस्त्यात, बाजारात जे दिसलं तेच थेट कापडावर आणणारे बहाद्दरही होऊन गेले. त्यांचे हे काही झकास नमुने.

रेशमी रेल्वे : १९ व्या शतकात रेल्वेची नवलाई होती. मुर्शिदाबादजवळच्या बालुचरच्या विणकरांनी ती साडीच्या पदरावरच विणली. सोबत आगबोटी आणि हुक्का ओढणारे साहेबही आले!

काडेपेटीचा झगा : १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘स्टेहली सिल्क्स’साठी छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने काड्या, काडेपेट्या, साखरेचे चौकोनी खडे मांडले आणि त्यांवर झगझगीत उजेड सोडून फोटो काढले. वस्तूंइतक्याच त्यांच्या सावल्याही ठसठशीत उमटल्या. त्या उजेड-सावलीची नक्षी रेशमावर छापली गेली आणि बायकांनी त्याचे झगे शिवून घेतले.

पुढे ट्रॅक्टर, मागे कापणीयंत्र : क्रांतीनंतरच्या रशियात चिटाच्या कापडावर ट्रॅक्टर, विमानं, विजेचे दिवे, गिरण्यांची धुराडी अवतरली. १९३३ मध्ये ‘प्रावदा’ या वृत्तपत्राने ‘पुढे ट्रॅक्टर, मागे कापणीयंत्र’ अशा मथळ्याखाली या कपड्यांची खिल्ली उडवली आणि ही फॅशन बारगळली.

सहा स्पार्क प्लग : नेदरलँड्समधली ‘व्लिस्को’ ही १८४६ सालची कंपनी. तिचं बाटिकच्या धर्तीचं कापड पश्चिम आफ्रिकेत तुफान खपतं. त्यावर टेबलफॅन असतो, मुळाक्षरं असतात आणि चक्क गाडीचे स्पार्क प्लगही! सहा प्लग म्हणजे सहा सिलिंडरचं दणकट इंजिन, म्हणजेच नेसणारीचा रुबाब. अशा छापांना नावं देतात त्या बाजारातल्या विक्रेत्या बायका. टोगोमधल्या लोमे शहरात तर त्यांनी या धंद्यावर मर्सिडीज-बेन्झ गाड्या घेतल्या. म्हणून त्यांचं नाव पडलं ‘नाना बेन्झ’!

पोरांच्या मोटारी : फिनलंडच्या ‘मारिमेक्को’त काम करणाऱ्या कात्सुजी वाकिसाका या जपानी डिझायनरच्या मुलांना गाड्यांचं भारी वेड. त्यातून १९७५ मध्ये ‘बो बू’ हा छाप जन्मला. त्यात रंगीबेरंगी मोटारी, बस आणि ट्रक ओळीने धावतात.

बुडाखाली लंडन : लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१० पासून सीटच्या ‘बारमन’ नावाच्या कापडात बिग बेन, टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स आणि लंडन आय विणलेले आहेत. सीट रोज हजारोंच्या बसण्या-उठण्याने मळते. म्हणून नक्षी भरगच्च हवी, मळ नजरेत भरत नाही.

या सगळ्यांची युक्ती एकच. एक काडी म्हणजे नुसती काडी; शंभर काड्या ठरावीक अंतराने मांडल्या की झाली नक्षी! डिझाइन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी परदेशी कॅटलॉग चाळण्याआधी घरातला डबा उघडावा आणि सोऱ्याच्या चकत्या बाहेर काढाव्यात. शेवेची बारीक भोकं, चकलीची चांदणी, गाठ्यांच्या पट्ट्या : अख्खं साडीचं कलेक्शन त्यात आहे. कुणीतरी ते छापायला घ्यावंच!