थंडी, टायर आणि पिवळा दिवा

घोड्याच्या नालेसारखी वाकलेली रेघ, तळाशी दातेरी कड आणि मधोमध उद्गारचिन्ह, अशी एक पिवळी आकृती अलीकडच्या मोटारींच्या डॅशबोर्डवर हिवाळ्यातील एखाद्या सकाळी अकस्मात उजळते. ती टायरच्या उभ्या छेदाची आकृती आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. शिकागो, न्यू जर्सी किंवा टोरांटो येथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींना हा दिवा पहिल्या कडाक्याच्या थंडीत हमखास भेटतो. भारतातही आता मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांत ही सोय येऊ लागली आहे. दिवा लागल्यावर मिळणारा सल्ला मात्र सगळीकडे सारखाच असतो : थंडीमुळे लागला आहे, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालली की आपोआप जाईल. दिवा पुष्कळदा जातो, हे खरे; परंतु ज्या तुटीमुळे तो लागला, ती तूट तशीच राहते.

हा दिवा गाडीत आला तो सुखसोय म्हणून नव्हे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या गाडीला बसवलेले होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटल्या आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला; कमी हवा आणि त्यातून वाढणारी उष्णता हा त्या वादातला एक कळीचा मुद्दा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथे नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची ठरली. युरोपीय संघाने हीच सक्ती नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना लागू केली. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी घटला की दिवा लागलाच पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण दिवा लागतो तेव्हा एक चतुर्थांश भांडवल आधीच गेलेले असते.

आता थंडीचा हिशेब पाहू. टायरमधील हवा कोंडलेली असते. ती गार झाली की तिचा दाब उतरतो. साधारण साडेपाच अंश सेल्सिअस तापमान घसरले की मोटारीच्या टायरचा दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो. समजा, शिकागोतील एका गाडीला ३५ पीएसआयची शिफारस आहे आणि सप्टेंबरात २० अंश तापमानाला तेवढीच हवा नीट भरली आहे. डिसेंबरात पारा उणे १० वर गेला, तर दाब उतरून ३० च्या आसपास येईल. दिवा लागण्याची मर्यादा आहे सव्वासव्वीसची. म्हणजे तीस अंशांची घसरण होऊनही केवळ थंडीने दिवा लागत नाही! परंतु निरोगी टायरमधूनही दरमहा १ पीएसआय, कधी थोडी अधिक, हवा झिरपतच असते. चार-पाच महिने कोणी पाहिले नाही आणि ५ पीएसआय हवा अशी निघून गेली, तर त्याच सकाळी दाब साडेपंचविसाच्या घरात येतो आणि दिवा उजळतो. तूट उन्हाळ्यापासून साचत आलेली असते. थंडी फक्त ताळेबंद मांडते.

गाडी चालू लागली की टायर तापतो, दाब दोन-तीन पीएसआयने चढतो, मर्यादा ओलांडतो आणि दिवा विझतो. चालक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी तापलेल्या टायरमध्येही २८ च हवा असते, शिफारशीपेक्षा ७ ने कमी. कमी हवेचा टायर रस्त्यावर अधिक पसरतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि आतले थर सैल होऊ लागतात. पेट्रोल जास्त लागते, कडा लवकर झिजतात, हे नुकसान वेगळेच.

उपाय सोपा आहे, पण त्याला वेळ साधावी लागते. गाडी किमान तीन तास उभी असताना, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चालली असताना, दाब मोजावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जे स्टिकर असते, त्यावरचा आकडा प्रमाण मानावा. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. त्या दिवसाच्या थंडीतच स्टिकरवरील आकड्याइतकी हवा भरावी. पुढे वसंतात तापमान चढले की पुन्हा तपासून जादा हवा काढावी लागते. मात्र प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.

एक खूण विशेष उपयोगी आहे. थंडी चारही चाकांशी सारखाच व्यवहार करते. चारही टायर जवळजवळ सारखेच उतरले असतील तर कारण थंडी आणि दिरंगाई. एकच टायर इतरांपेक्षा चार-पाच पीएसआयने खाली असेल तर तेथे खिळा, रिमची गळती किंवा सैल व्हॉल्व्ह शोधावा. थंडीला बोल लावून पुढे जाऊ नये. आणि गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड यंत्रणेतच आहे. पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्हजवळ बसवलेल्या सेन्सरला स्वतःची छोटी बॅटरी असते. ती पाच ते दहा वर्षे टिकते, आणि म्हातारी झालेली बॅटरी कडक थंडीतच आधी दम टाकते.

महाराष्ट्रात बर्फ नाही, म्हणून हा विषय आपला नाही असे समजण्याचे कारण नाही. नाशिक-निफाडच्या पट्ट्यात हिवाळ्यात दुपारी ३० अंश आणि पहाटे ८ अंश हा फरक नवलाचा नाही. आपल्याकडची खरी गोम हवा भरण्याच्या वेळेत आहे. बाजारपेठेची कामे उरकून, तासभर गाडी पळवून, दुपारच्या उन्हात पेट्रोल पंपावर ३३ पीएसआय हवा भरून घ्यायची, असा बहुतेकांचा परिपाठ असतो. त्या वेळी टायरमधील हवा ५० अंशांवर असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ८ अंशांना तोच टायर सुमारे २७ दाखवतो. त्या पहाटे घरची सात माणसे आणि डिकीभर सामान घेऊन गाडी मांगीतुंगीच्या यात्रेला निघते, किंवा समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ताशी १२० चा वेग घेते. पूर्ण भाराच्या गाडीसाठी स्टिकरवर पुष्कळदा वेगळा, अधिक दाब दिलेला असतो; तो वाचण्याची तसदी फार थोडे घेतात.

नायट्रोजन भरला म्हणजे ही कटकट मिटते, असा एक समज पंपावर पैसे देऊन विकला जातो. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि थंडीने दाब उतरण्याचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. नायट्रोजन किंचित सावकाश झिरपतो, एवढाच काय तो लाभ. दरमहा फुकट किंवा पाच-दहा रुपयांत हवा तपासून घेणाऱ्याला त्याची गरज पडू नये.

काही गाड्यांत सेन्सर नसतो. चाकांच्या फिरण्याच्या गतीतील फरकावरून संगणक अंदाज बांधतो. अशा गाडीत हवा भरल्यानंतर रिसेटचे बटण दाबून नवा दाब नोंदवावा लागतो. हवा न भरताच ते बटण दाबून दिवा घालवण्याची युक्ती काही चालक करतात. खात्यात रक्कम न भरता किमान शिल्लकेची अटच खाली आणण्याचा तो प्रकार होय. त्यानंतर उतरलेला दाब हाच यंत्रणा योग्य समजते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट २०२० पासून बदलली आहे. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असलेल्या लहान प्रवासी मोटारींना केंद्र सरकारने स्टेपनीची सक्ती उरू दिलेली नाही. नवी गाडी घेताना डिकीतील तळाचा पत्रा उचलून पाहावा आणि स्टेपनी आहे की केवळ संच, याची खात्री करून घ्यावी. जेथे स्टेपनी असते, तेथेही तिच्यात बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळे तिची हवा गेजनेच पाहावी लागते. पंक्चरवाल्याकडे चाक उघडायला देताना आत सेन्सर आहे हे आधी सांगावे. पहार नेमकी व्हॉल्व्हपाशी घातली गेली, तर पंक्चरच्या शंभर-दीडशे रुपयांच्या जागी सेन्सरचे काही हजार मोजावे लागतात.