गुरुवारीं भांडण कां झालें नाहीं?

मनावरील उपचार म्हणजे जुन्या दुःखांची उकरणी, अशी आपली सामान्य समजूत असते. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९७८ सालीं स्टीव्ह डी शेझर व इन्सू किम बर्ग या दांपत्यानें उपचारकेंद्र काढून निराळी वाट चोखाळली. अडचणीपेक्षां उपायाचा शोध आधीं, हें तिचें सूत्र.

समजा, पनवेलजवळच्या करंजाडे येथील एक गृहस्थ सांगतात, "रोज घरीं येतांच मुलाशीं भांडण होतें." समुपदेशक विचारतो, "कोणत्या दिवशीं झालें नाहीं?" ते आठवून म्हणतात, "गुरुवारीं. त्या दिवशीं चहा घेऊन मग बोललों." उपायाचें बीज येथेंच सांपडलें!

दुसरा प्रश्न कल्पनेचा : "रात्रीं झोपेंत चमत्कार होऊन अडचण नाहींशी झाली, तर सकाळीं प्रथम काय निराळें दिसेल?" गृहस्थ उत्तरतात, "मुलगा आपण होऊन शाळेची गोष्ट सांगेल." म्हणजे हवें तें काय, हें त्यांचें त्यांनाच उमगलें.

तिसरा प्रश्न मोजमापाचा : "शून्य ते दहा या पट्टीवर आज आपण कोठें आहां?" उत्तर 'तीन' आलें, तर ते तीन कशानें मिळाले आणि चार कशानें होतील, एवढेंच पाहावयाचें. एकदम दहाची घाई नाहीं.

मात्र जीव नकोसा वाटूं लागला, तर केवळ प्रश्नोत्तरांवर विसंबूं नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावें. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही अहोरात्र चालू असतो. घरगुती कलहांत मात्र "चुकलें कोठें?" याआधीं "साधलें केव्हां?" हें विचारून पाहावें.