पत्र्याखालचा फोम : घर थंड, माल कोरडा, पण आगीचे काय?

घोटीच्या बाजारपेठेत ज्यांची दुकाने आहेत त्यांना पावसाचे नवल नाही. इगतपुरी तालुक्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच्यावरच इथले भात आणि भाताच्या गिरण्या चालतात. कापडवाल्याला मात्र दुसऱ्याच पाण्याची भीती असते. पावसाळा संपलेला असतो, आभाळ स्वच्छ असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे पत्र्यातून थेंब टपकतात. दिवाळीचा माल नुकताच लावलेला असतो. वरचा ताका उचलावा तर खालच्या घडीवर काळी बुरशी. असा ताका गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतो आणि शेवटी तो चिंधीच्या भावाने द्यावा लागतो.

मी कित्येक वर्षे हे गळतीचे पाणी समजत होतो. दरवर्षी खिळ्यांच्या भोकांना डांबर लावायचो. डांबर लावूनही थेंब यायचे, कारण पाणी बाहेरून येतच नव्हते. रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली बर्फासारखा गार पडतो. आतल्या हवेतली ओल त्याला लागते आणि तिचे पाणी होते, जसे थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसे. उन्हाळ्यात हाच पत्रा उलटा छळतो. मे महिन्याच्या दुपारी तो ६० अंशांपर्यंत तापतो आणि माणसांच्या डोक्यावर आग ओततो. आमचे दुकान खाली, राहते घर वर. दुपारी अम्मींना खाली आणून दुकानाच्या मागच्या खोलीत झोपवावे लागे.

या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध म्हणून हल्ली पत्र्याला आतून फोम मारण्याचा धंदा जोरात आहे. याला कोणी पीयू फोम म्हणतात, कोणी पफ. दोन पिंपांतली दोन रसायने गरम नळीतून बंदुकीत येतात, एकत्र होऊन पत्र्यावर उडतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. ही चीज नवीन नाही. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनची ही रसायनविद्या शोधली. आपल्या घरातल्या फ्रिजच्या भिंतीत हाच फोम भरलेला असतो. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षांसाठी जी शीतगृहे आहेत, त्यांच्या भिंतींतही तोच.

कापडाच्या व्यापाऱ्याला यामागचे तत्त्व समजावण्याची गरज नाही. रजई ऊब देते ती कापसामुळे नव्हे, कापसात अडकलेल्या हवेमुळे. म्हणून कापूस बसला की पिंजाऱ्याकडे न्यावा लागतो. फोममध्ये अशाच लाखो बारीक पेशी असतात. त्यात दोन जाती आहेत. एकीच्या पेशी उघड्या असतात. ती मऊ, स्वस्त, पण तिच्यातून ओल आरपार जाते. दुसरीच्या पेशी बंद असतात. ती कडक आणि महाग, पण ओल अडवते. घोटीसारख्या ओल्या मुलखात पत्र्याखाली दुसरीच हवी. ठेकेदार दर सांगताना कोणती जात ते पुष्कळदा सांगतच नाही, आणि स्वस्त दर ऐकून आपणही विचारत नाही. बंद पेशींचा एक इंच फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला विटांची दोन फुटांहून जाड भिंत लागेल.

आमच्याकडे हे काम दोनदा झाले, कारण पहिले वाया गेले. पहिल्या ठेकेदाराने (त्याचे नाव सांगत नाही) जूनच्या तोंडावर काम घेतले. पत्र्याचा गंज खरवडला नाही, आतून ओल होती ती पुसली नाही. पाऊस सुरू झाल्यावर महिन्याभरात फोमचे पापुद्रे ताक्यांवर पडू लागले. फोमला कोरडा आणि स्वच्छ पत्रा लागतो. घाई माझीही होती, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्यांदा होळीनंतर काम काढले. आधी गळके पत्रे बदलले, गंज काढला, प्रायमर मारला, मग दीड इंच फोम. फवारणीच्या वेळी घर रिकामे करून एक दिवस सगळे नातेवाइकांकडे राहिलो. त्या रसायनात आयसोसायनेट असते. ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो. कारागिराला हवेच्या नळीचा मुखवटा पाहिजे. नुसता रुमाल बांधलेला दिसला तर काम थांबवा. भोपाळला १९८४ मध्ये जो वायू सुटला तो याच कुळातला, पण वेगळा आणि कितीतरी अधिक उडणारा. फोम नीट वाळला की या रसायनाचा धोका राहत नाही.

फायदा झाला का? झाला. पहाटेचे थेंब बंद झाले. दुपारी अम्मी वरच झोपतात. एक फायदा मला कोणी सांगितला नव्हता. आषाढात पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाने गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकू यायचे नाही, आता फोनवर सुरतेच्या पेढीशी भाव करता येतो. मात्र फोम थंडावा निर्माण करत नाही. तो फक्त उष्णता अडवतो, आतलीही अडवतो. संध्याकाळी खिडक्या उघडल्या नाहीत तर खोली भट्टीच राहते.

आता तोट्याची बाजू. बाहेरून पत्रा फुटला तर पाणी फोमखाली कुठे मुरते ते दिसत नाही. उंदीर तो कुरतडतात. पत्रा पुढे भंगारात विकताना भाव पडतो. पण हे सगळे चालवून घेता येईल, आगीचे मात्र नाही. उघडा फोम ठिणगीने पेटतो, भराभर पसरतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा विषारी वायू असतो. दक्षिण कोरियात इचॉन येथे जानेवारी २००८ मध्ये शीतगृहाच्या आगीत ४० माणसे गेली. त्याच गावी एप्रिल २०२० मध्ये गोदामाचे बांधकाम चालू असताना वेल्डिंगची ठिणगी फोमला लागून ३८ कामगार मेले. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत राहत्या जागेत असा फोम उघडा ठेवता येत नाही. त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड किंवा तितकेच आगरोधक आवरण लागते. आपल्याकडे ठेकेदार फोम मारून पैसे घेऊन जातो आणि बोर्डाचा विषयही काढत नाही. मी बोर्ड लावून घेतला. त्याचा खर्च हिशेबात नव्हता, तो नंतर सोसला.

गेल्या मे महिन्यात मालेगावहून मेहुणे आले होते. त्यांचा यंत्रमागाचा कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, कारागीर बनियन भिजवून अंगात घालतात आणि कोरड्या उष्ण हवेत ताण्याचे सूत तुटत राहते. वर खोलीत बसल्यावर म्हणाले, "दुल्हेभाई, तुमच्या ठेकेदाराला उद्याच मालेगावला पाठवा."

मी नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटले. पण त्यांच्या शेडमध्ये वायर उघड्या लोंबतात, मोटरच्या स्विचमधून ठिणग्या पडतात आणि कैच्यांवर कापसाच्या धुळीची गादी बसलेली असते. त्यावर उघडा फोम, आणि आत रात्रपाळीचे कारागीर. दार एकच. मी म्हणालो, आधी वायरिंग पाइपात घाला, दुसरे दार काढा, मग बोर्डासकट फोमचा हिशेब करू. तोवर पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग मारा. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये वस्त्यांतील छतांना असाच पांढरा रंग देण्याचा उपक्रम काढला होता. मालेगावला आपल्यासारखा पाऊस नाही, रंग दोन-तीन वर्षे टिकेल. घोटीत मी तो सल्ला दिला नसता, इथे शेवाळ पहिल्याच पावसाळ्यात त्याला हिरवा करते.

मेहुण्यांनी जूनपूर्वी रंग मारला. वायरिंगचे काम निम्मे झाले आहे. दुसऱ्या दारासाठी शेजाऱ्याची भिंत आड येते, त्याची बोलणी चालू आहेत.