अंतराळवीरांच्या छातीवरचा बावटा

मांडवीच्या जेट्टीवर दिवस मावळल्यावर थोडं थांबा. आभाळ निरभ्र असेल, तर काही संध्याकाळी पश्चिमेकडून एक ठळक ठिपका न लुकलुकता वर चढतो आणि चार-पाच मिनिटांत पृथ्वीच्या सावलीत विझतो. तेच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून ताशी 28,000 किलोमीटर वेगानं जाणारं. नोव्हेंबर 2000पासून तिथं माणसांचा मुक्काम अखंड आहे. तुकड्या बदलतात आणि प्रत्येक तुकडी आपलं वेगळं बोधचिन्ह, म्हणजेच मिशन पॅच, घेऊन जाते.

होडीवर नाव रंगवून बावटा लावणाऱ्या किनाऱ्याला ही ओढ लगेच कळेल. अंतराळवीरांनाही आपल्या यानाला नाव हवं होतं. नासानं त्याला मनाई केली, तेव्हा त्यांच्यापैकी गॉर्डन कूपर यांनी लष्करी तुकड्यांच्या धर्तीवर कापडी चिन्ह सुचवलं. ऑगस्ट 1965मधल्या जेमिनी-5 मोहिमेच्या पॅचवर कापडी छपराची जुनी गाडी होती आणि आठ दिवस टिकून राहण्याची पैज होती. मोहीम आधीच आटोपली तर हसं होईल, म्हणून पैजेचे शब्द झाकायला लावले गेले. कूपर आणि त्यांचे सोबती पीट कॉनरॅड जवळजवळ आठ दिवस राहूनच परतले.

चंद्रावर उतरलेल्या अपोलो-11च्या पॅचवर मात्र एकाही अंतराळवीराचं नाव नाही. हे यश त्यासाठी राबलेल्या सर्वांचं आहे, असं त्या तिघांनी ठरवलं होतं.

या चिन्हाचं कापडही साधं नव्हतं. जानेवारी 1967मध्ये अपोलो-1च्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजननं भरलेल्या कुपीत आग भडकली आणि तीन अंतराळवीर गेले. अशा हवेत एरवी सावकाश जळणाऱ्या वस्तूही भराभर पेटतात. त्यानंतर अपोलोच्या पोशाखांसाठी काचतंतूंचं, टेफ्लॉनचा लेप दिलेलं ‘बीटा क्लॉथ’ आलं. ते पेट घेत नाही. उड्डाणातल्या पोशाखावरची चिन्हं भरतकामाऐवजी याच कापडावर छापली गेली.

भारतीयही अंतराळात जाऊन आले आहेत. एप्रिल 1984मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत सॅल्यूत-7 स्थानकावर गेले. त्यानंतर 41 वर्षांनी, जून 2025मध्ये, शुभांशू शुक्ला ॲक्सिऑम-4 मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचले. आता भारताच्या स्वतःच्या मानवी मोहिमेची, गगनयानाची, तयारी सुरू आहे. शिक्षकांनो, त्या मोहिमेसाठी एक पॅच आपल्या वर्गातल्या मुलांकडून काढून घ्या. काय काढायचं हे ठरवताना ती अंतराळाबद्दल आपणहून प्रश्न विचारू लागतील.