भरधाव सुटलेली हार्ड डिस्क मध्येच का दमते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या एका फोटो स्टुडिओवाल्या वाचकाने विचारलं आहे: "२ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क नवी होती तोवर झकास चालायची. जुन्या सीझनची लग्नं डिलीट करून नवी टाकायला लागलो, तेव्हापासून कॉपी सुरू केली की आधी सेकंदाला १२० एमबीचा वेग दिसतो आणि थोड्या वेळात तो १०-१५ वर येतो. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे. विंडोज नव्याने टाकली, तरी तेच. डिस्क बदलून मागू का?"

व्हायरसचा इथे काहीही संबंध नाही. आपल्याकडे कॉम्प्युटरला शिंक आली तरी व्हायरसचं नाव घेतात. डिस्क बहुधा ठणठणीत आहे. तिचा स्वभावच तसा आहे, आणि तो का तसा झाला याची गोष्ट एका नोबेल पारितोषिकापर्यंत जाते.

आधी दोन साध्या शंका बाजूला करू. डिस्क निळ्या पोर्टात लावली आहे ना? काळा पोर्ट बहुतेक वेळा जुन्या यूएसबी २.० चा असतो आणि तिथून सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर फारसं काही जात नाही. डिस्कची मूळ केबल हरवली म्हणून मोबाइलची जुनी केबल लावली असेल, तर डिस्कच्या रुंद खोबणीच्या अर्ध्या भागात तीही बसते, डिस्क चालते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ठीक नसतं, वेग पुन्हा २.० चाच मिळतो. जुन्या असेम्बल्ड डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टातून पुरेशी वीज मिळाली नाही, तर डिस्क फिरायला लागता लागता थांबते आणि टिकटिक करते. ती मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावावी. काहीही कशातही लावा आणि ते चालो, हीच तर यूएसबीमागची कल्पना. ती १९९६ साली आणणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आघाडीवर होते.

पण वाचकाच्या डिस्कचा वेग सुरुवातीला १२० आहे, म्हणजे पोर्ट आणि केबल दोन्ही निर्दोष. खोक्यावर मात्र '५ गिगाबिट प्रतिसेकंद' असं ठळक छापलेलं असतं. तो वेग तारेचा आहे, डिस्कचा नाही. आत अडीच इंची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० फेरे फिरते. तिची बाहेरची कड ताशी साधारण ६६ किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. या कडेवरून सलग वाचलं तर सेकंदाला १२०-१४० एमबी मिळतात, आतल्या भागात जेमतेम निम्मे. तार कितीही वेगवान असो, तबकडी काही तिच्यासाठी जास्त जोरात फिरत नाही.

हेही मोठ्या फाइलपुरतंच. छोट्या छोट्या हजारो फाइली विखुरलेल्या असतील तर प्रत्येकीसाठी हेडला सरकावं लागतं, मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबावं लागतं. या दोन्हींत मिळून १५ ते २० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ उड्या, बस्स. याचा अनुभव फोटोग्राफरइतकाच वाघ मोजणाऱ्यांना येतो. पांढरकवड्याजवळच टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथल्यासारख्या जंगलांत झाडाला बांधलेले कॅमेरे समोरून काहीही गेलं की फोटो काढतात: वाघ, नीलगाय, रानडुक्कर, सरपण आणायला आलेली माणसं, कधी कधी नुसतं हललेलं गवत. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो जमले. त्यांतले वाघांचे किती? ७६,६५१. एक फोटो सरासरी २ एमबीचा धरला, तर सगळा पसारा ७० टीबीच्या आसपास जातो. आमच्या वाचकाच्या डिस्कसारख्या ३५ डिस्का.

याच्या उलट गंमत टिपेश्वरच्याच एका वाघाची. फेब्रुवारी २०१९ मध्ये टी१सी१ या तरुण नराला रेडिओ कॉलर लावली. तो तेलंगणात शिरला, परतला आणि चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तीन हजार किलोमीटरहून अधिक चाल, कॉलरने नोंदवलेली पाच हजारांहून जास्त ठिकाणं. वेळ, अक्षांश आणि रेखांश मिळून एका नोंदीला ४० बाइट धरले, तर ही सगळी भ्रमंती २०० केबीत मावते. तो वाटेत कॅमेऱ्यासमोर एकदा उभा राहिला असता, तर त्या एका फोटोने दहापट जागा खाल्ली असती!

आता हेडकडे. तबकडीवर माहिती म्हणजे सूक्ष्म चुंबकांच्या दिशा. त्या वाचायच्या, तर अतिशय क्षीण चुंबकी क्षेत्र ओळखता आलं पाहिजे. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांच्या आणि जर्मनीत पेटर ग्र्यूनबर्ग यांच्या गटाला लोह आणि क्रोमियमच्या काही अणूंएवढ्या पातळ थरांमध्ये एक चमत्कार दिसला. चुंबकी क्षेत्र लावलं की थरांचा विद्युतरोध भलताच घटायचा. या परिणामाला 'जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स' म्हणतात. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना त्यासाठी मिळालं आणि वर्तमानपत्रांनी 'हार्ड डिस्कचे जनक' अशी त्यांची आरती केली. (फ्रेंच शोधनिबंधावर पहिलं नाव मारिओ बाइबिश या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाचं होतं, ते तर कुणाच्या गावीही नव्हतं.)

शोध त्यांचाच, वादच नाही. पण फ्रेंच प्रयोगातला मोठा परिणाम द्रव हेलियमच्या थंडीत आणि दोन टेस्लाएवढ्या दांडग्या क्षेत्रात मिळाला होता. डिस्कवरच्या चुंबकाचं क्षेत्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय ते थर अत्यंत संथ आणि खर्चिक पद्धतीने, जवळजवळ अणू-अणू रचून केलेले. हे डिस्कमध्ये आणलं ते आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतले स्टुअर्ट पार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पार्किन यांनी कारखान्यात चालणारी जलद, स्वस्त 'स्पटरिंग' पद्धत घेतली आणि एकामागून एक धातूंच्या जोड्या करून पाहिल्या. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं, की मधल्या थराची जाडी अणूंच्या हिशेबात वाढवत नेली, तर बाजूचे चुंबक आळीपाळीने एकमेकांच्या बाजूने आणि विरुद्ध होतात. कोबाल्ट आणि तांब्याच्या थरांत परिणाम खोलीच्या तापमानालाही दणदणीत मिळाला. आयबीएमच्या गटाने मग 'स्पिन व्हॉल्व्ह' ही रचना केली. तिच्यात एका थराची दिशा जखडलेली आणि दुसऱ्याची इतकी मोकळी, की क्षीण क्षेत्रानेही ती वळावी. १९९७ च्या अखेरीस असं हेड असलेली १६.८ जीबीची डिस्क बाजारात आली.

युरोपियन फिजिकल सोसायटीने १९९७ चा आपला पुरस्कार फेर, ग्र्यूनबर्ग आणि पार्किन या तिघांना दिला होता. नोबेल तिघांत वाटता येतं, दहा वर्षांनी तिसरी खुर्ची रिकामीच राहिली. परिणाम सापडणं हे विज्ञान आणि तो हजारो नमुने करून कह्यात आणणं ही निव्वळ कारागिरी, असा काहीसा सोवळेपणा या निवडीत मला दिसतो. फिनलंडचं १० लाख युरोंचं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ पार्किन यांना २०१४ मध्ये मिळालं, पण त्याचा गवगवा आपल्याकडे झाला नाही. आजची हेडं आणखी एक पायरी पुढे, क्वांटम टनेलिंगवर चालतात. तो परिणाम खोलीच्या तापमानाला दाखवणाऱ्यांत १९९५ साली एमआयटीतले, आयआयटी मद्रासमधून पीएचडी केलेले जगदीश मुडेरा होते. त्यावरही पार्किन यांनी पुढे काम केलंच.

एवढ्या करामतीने वाचणारं हेड कमालीचं अरुंद झालं. लिहिणारं हेड मात्र तितकं बारीक होईना. लिहायचं म्हणजे चुंबकाची दिशा उलटवायची. त्याला जोरकस क्षेत्र लागतं, आणि टोक फार निमुळतं केलं की तेवढं क्षेत्र निघत नाही. रुंद लेखणी आणि अरुंद नजर अशी ही जोडी. मग कंपन्यांनी युक्ती काढली: रुंद ट्रॅक लिहायचा, पुढचा ट्रॅक त्याच्यावर थोडा चढवून लिहायचा, तिसरा दुसऱ्यावर. उघडी राहिलेली अरुंद पट्टी वाचायला पुरेशी होते आणि त्याच तबकडीत जास्त डाटा मावतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांवरची कवेलू आठवा. प्रत्येक कवेलूचा काही भाग शेजारच्याखाली दडलेला असतो. नवं छत शाकारताना हात भराभर चालतो, एकावर एक कवेलू लावत जायचं. पण पावसाळ्याच्या तोंडावर मधलंच एक फुटलेलं निघालं, तर त्याच्यावर चढलेली आधी उचलावी लागतात, नवं बसवायचं आणि बाकीची पुन्हा होती तशी रचायची. डिस्कवर नेमकं हेच होतं. कोरी असताना ती सरळ शाकारत जाते. जुनं लग्न पुसून त्या जागी नवं लिहायचं म्हटलं, की रुंद हेड शेजारचा ट्रॅकही खराब करणार. म्हणून एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकांच्या त्या पट्ट्यातले पुढचे सगळे ट्रॅक आधी वाचून ठेवायचे, मग सगळे नव्याने लिहायचे. एक कवेलू बदलण्यासाठी अख्खी ओळ उतरवायची.

हा त्रास लपवण्यासाठी अशा बऱ्याच डिस्कवर थोडी राखीव जागा असते. येणारा डाटा आधी तिथे झपाट्याने उतरवून घेतला जातो, तेव्हा पडद्यावर १२० दिसतात. ती जागा भरली की खरं काम सुरू होतं आणि आकडा कोसळतो. कॉपी संपल्यावरही डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, आतून घरघर येते, ती याच आवराआवरीची.

ट्रॅकवर ट्रॅक चढवण्याचं हे तंत्र वाईट नाही. सीगेटने २०१३ पासून ते विकायला घेतलं आणि आज जास्त क्षमतेच्या बहुतेक अडीच इंची पोर्टेबल डिस्का याच जातीच्या आहेत. वाईट आहे ती चोरवाट. एप्रिल २०२० मध्ये उघडकीला आलं, की मोठ्या कंपन्या काही मॉडेलांत हे तंत्र ग्राहकाला न सांगता वापरत होत्या. वेस्टर्न डिजिटलच्या तर सतत चालू ठेवण्यासाठी विकलेल्या 'रेड' मालिकेतल्या डिस्काही त्यात निघाल्या. आरडाओरडा झाल्यावर याद्या जाहीर झाल्या, अमेरिकेत दावे लागले आणि वेस्टर्न डिजिटलने तडजोड केली. पोर्टेबल डिस्कच्या खोक्यावर मात्र आजही ५ गिगाबिट मोठ्या अक्षरांत आणि ही गोष्ट बारीक अक्षरांतही नाही.

आणखी एक बारीक अक्षरांतली गोष्ट यवतमाळकरांनी वाचावी. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. चालत्या डिस्कची स्वतःची उष्णता त्यात मिळवा. गादीवर किंवा लॅपटॉपच्या गरम बाजूला टेकवून कॉपी लावू नये, कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडाशीही नको.

तेव्हा डिस्क बदलून मागू नका. दुसरीही बहुधा तशीच निघेल. जुन्या डिस्कवर एक-एक लग्न पुसत बसण्यापेक्षा अख्खा सीझन साठवून ठेवा, आणि नवा सीझन नव्या डिस्कवर सलग लिहा. चालू एडिटिंग कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर करा. कॉपी झाल्यावर दिवा शांत होईपर्यंत डिस्क जोडलेली राहू द्या, मग 'सेफली रिमूव्ह' करून काढा. तबकडी फिरत असताना डिस्क हलवू नका. आणि दुसऱ्या डिस्कवरची प्रत दुसऱ्या घरात पोहोचेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.