जोडकाम वाक्यांचं

पिंपरीतल्या चौथीच्या मुलाची वही समजा. त्यात दोन वाक्यं आहेत: "बाबा सेकंड शिफ्टला गेले. डबा घरी राहिला." बाई म्हणतात, "जोडून लिही." मग वहीत उतरतं, "बाबा सेकंड शिफ्टला गेले आणि डबा घरी राहिला आणि आई रागावली आणि…" त्यावर लाल शाई फिरते, घरचे सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे गैरसमजातून आलेले असतात.

गैरसमज १: श्वास घेतला, की स्वल्पविराम द्यायचा.

वस्तुस्थिती: चिन्ह पाहून वाचणारा थांबतो, हे खरं. पण श्वासावरून चिन्ह ठरत नाही. दम लागलेलं मूल "बाबा, सेकंड शिफ्टला, गेले" असंही वाचेल. वाक्य लांबलं एवढ्यावरून स्वल्पविराम येत नाही. एका जातीचे शब्द लागोपाठ आले (वही, पेन, डबा), कुणाला हाक मारली (आई, डबा दे) किंवा जोडवाक्याचा एक भाग संपला, की तो येतो.

गैरसमज २: जोडायचं म्हणजे 'आणि' लावायचं.

वस्तुस्थिती: 'आणि' फक्त भर घालतं. डब्याच्या गोष्टीत नाती वेगवेगळी आहेत. विरोध: बाबा गेले, पण डबा घरी राहिला. परिणाम: डबा राहिला, म्हणून आई रागावली. अट: डबा नेला असता, तर आई रागावली नसती. मुलाला आधी तोंडी विचारा, "मग काय झालं? का बरं?" त्याच्या उत्तरात जोडशब्द आपोआप येतो आणि चिन्हाची जागाही कळते.

गैरसमज ३: 'पण'च्या आधी अर्धविराम नसेल, तर वाक्य चूक.

वस्तुस्थिती: दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडताना व्याकरणाची पुस्तकं अर्धविराम सांगतात, वर्तमानपत्रांत तिथे सर्रास स्वल्पविराम दिसतो. दोन्हींनी अर्थ पोचतो. घोटाळा होतो तो चिन्ह 'पण'च्या पलीकडे गेलं की. "बाबा गेले पण, डबा राहिला" यातला 'पण' मागच्या वाक्याला चिकटतो आणि 'गेलेसुद्धा' असा अर्थ डोकावतो.

गैरसमज ४: जोडशब्दाशिवाय वाक्यं जोडता येत नाहीत.

वस्तुस्थिती: "बाबा डबा विसरून शिफ्टला गेले." इथे ना जोडशब्द, ना चिन्ह, 'विसरून'मधल्या 'ऊन'नेच काम भागवलं. मात्र साधारणपणे दोन्ही क्रिया एकाच कर्त्याच्या असाव्या लागतात. "बाबा घरी येऊन आईने चहा केला" हे कानाला खटकतं. तिथे "बाबा घरी आल्यावर आईने चहा केला" असंच हवं.

गैरसमज ५: ही चिन्हं मराठीत पूर्वापार आहेत.

वस्तुस्थिती: जुन्या पोथ्यांत एक किंवा दोन दंड असत. मोडीत तर हात न उचलता सलग लिहीत. शब्दही सुटे नसत. आजची चिन्हं इंग्रजीकडून आली. ती मराठीत रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० सालची. म्हणूनच कामधंद्यासाठी पिंपरी-चाकणला आलेल्या हिंदीभाषक घरातलं मूल वाक्याअखेर उभा दंड देतं, तेव्हा त्याला अडाणी ठरवू नये. हिंदीत तेच बरोबर. मराठीने आता टिंब घेतलं आहे, एवढं सांगितलं की पुरे.

स्वल्पविराम नव्हता तेव्हाही मराठी माणूस 'पण', 'म्हणून', 'जर-तर' आणि 'ऊन' यांच्या बळावर वाक्यं जोडतच होता. शिकवण्याचा क्रमही तोच असावा: आधी कान, मग जोडशब्द, शेवटी चिन्ह. तेव्हा लाल पेन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि विचारा, "बाबांचा डबा राहिला, मग पुढे काय झालं?"